गोल पानांवरचा दशावतार

सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये आजही एक खेळ रंगवला जातो. अगदी शब्दशः. कारागिराच्या हातात बारीक कुंचला असतो, समोर तळहातात मावेल एवढी गोल चकती, आणि तिच्यावर एकामागून एक उमटत जातात मासे, कासवं, शंख, परशू, कमळं. अशी एकशेवीस पानं झाली की गंजिफाचा एक जोड पुरा होतो. मग तो रंगवलेल्या लाकडी पेटीत बसतो आणि मुंबई, पुणे, कधी परदेश असा कुणाच्या तरी घरी जातो. तिथे बहुतेक वेळा तो काचेच्या कपाटात राहतो, कारण गंजिफा खेळता येणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.

मला या गोष्टीचं राहून राहून नवल वाटतं. पत्त्यांचा कुठलाही खेळ म्हणजे मुळात चारदोन माणसांनी एकत्र बसून घालवलेली दुपार. ती दुपार गेली, बसणारे गेले, बैठकीतली भांडणं आणि चिडवाचिडवीही गेली. तरी त्या खेळाची चित्रं लोक रंगवत राहिले, विकत घेत राहिले, जपत राहिले. जो खेळ आपण कधी खेळलो नाही त्याची ओढ माणसाला कशी काय लागते? गंजिफाच्या पानांकडे नीट पाहिलं की याचं उत्तर सापडायला लागतं.

हा खेळ इराणकडून आला. बाबराने आपल्या आठवणींत 1527 सालची एक नोंद केली आहे : सिंधमध्ये राज्य करणाऱ्या शाह हसनला गंजिफाची आवड होती, म्हणून बाबराने त्याच्यासाठी पानांचा जोड पाठवला. पुढे अकबराच्या काळात अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त या खेळाचं सविस्तर वर्णन लिहिलं. त्यातला जुना जोड बारा रंगांचा होता आणि प्रत्येक रंग एकेका अधिपतीचा. अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती अशी ती माळ होती, आणि त्यात एक नौकापतीही होता, जहाजांचा राजा. मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला या राजापाशी थोडा वेळ थांबावंसं वाटणारच. अकबराने हे रंग बदलले आणि स्वतःच्या राज्यकारभारातली माणसं नि वस्तू पानांवर आणल्या. मुघल गंजिफाचा जो जोड पुढे सगळीकडे पसरला तो शहाण्णव पानांचा, आठ रंगांचा : ताज, तलवार, गुलाम, चंग नावाचं वाद्य, सोन्याचं नाणं, चांदीचं नाणं, हुंडीचा कागद आणि व्यापाराचा माल. थोडक्यात, दरबार आणि खजिना.

हा दरबारी खेळ दक्षिणेत उतरला तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. खेळणाऱ्यांनी नियम तसेच ठेवले आणि चित्रं बदलली. खजिना गेला, दशावतार आला. आठाचे दहा रंग झाले : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. दहा रंग आणि प्रत्येकी बारा पानं, म्हणून एकशेवीस. प्रत्येक रंगात राजा म्हणजे तो अवतार स्वतः, त्याखाली घोड्यावर बसलेला प्रधान, आणि मग एक ते दहा अंकांची पानं. अंक कुठेही लिहिलेले नसतात, खुणा मोजायच्या असतात. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, वराहाला शंख, नरसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, कृष्णाला गाय, बुद्धाला कमळ, कल्कीला तलवार.

आज एखादी मुलगी आपल्या आवडत्या ऑनलाइन खेळातला योद्धा कागदावर काढते, त्याला कोकणातलं घर देते, अंगणात तुळस काढते, तेव्हा तीही नेमकं हेच करत असते. खेळ दुसऱ्याचा, चाली दुसऱ्याच्या, पण त्यात राहणारी माणसं आपली. अशा चित्रांना हल्ली फॅन आर्ट म्हणतात आणि ती इंटरनेटच्या काळातली गंमत आहे असं पुष्कळांना वाटतं. दशावतारी गंजिफा तिच्याहून काही शतकांनी थोरली आहे.

या अदलाबदलीत एक जागा अशी आहे की ती लक्षात आली त्या दिवशी मी थक्क झालो. मुघल जोडात पहिली चाल कुणी करायची, याचा नियम वेळेवर ठरायचा. दिवसा खेळ बसला तर सोन्याच्या नाण्याचा राजा ज्याच्या हातात असेल त्याने सुरुवात करायची. रात्री बसला तर चांदीच्या नाण्याच्या राजाने. सोनं म्हणजे सूर्य, चांदी म्हणजे चंद्र. आता नाणीच काढून टाकली तर या नियमाचं काय करायचं? दशावतारी गंजिफात दिवसा राम सुरुवात करतो आणि रात्री कृष्ण. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशातला. रामाचा जन्म भर दुपारचा, कृष्णाचा मध्यरात्रीचा. ज्याने कुणी ही जोडी जुळवली त्याचं नाव इतिहासात नाही, पण एक परका नियम त्याने असा काही घरचा करून घेतला की तो मुळात इथलाच असावा असं वाटतं. हे नुसत्या चित्रकाराचं काम नव्हे. खेळ आतून जाणणाऱ्या आणि पुराणांवर जीव असलेल्या माणसाचं हे काम आहे, असं माझं मत आहे.

दुसरा नियमही जसाच्या तसा आला. नेहमीच्या पत्त्यांत दश्शी नेहमी दुर्रीपेक्षा जड असते. गंजिफात निम्म्या रंगांमध्येच असं असतं. पाच रंगांत राजा, प्रधान, मग दश्शी, नव्वी, अठ्ठी असा उतरता क्रम, शेवटी एक्का सगळ्यांत हलका. उरलेल्या पाच रंगांत राजा आणि प्रधान तेच, पण त्यानंतर एक्का, दुर्री, तिर्री असा उलटा क्रम, आणि दश्शी सगळ्यांत हलकी. म्हणजे एका रंगात हातातलं जे पान तुम्ही जिवापाड सांभाळाल, तेच दुसऱ्या रंगात बिनदिक्कत फेकून द्याल. नवख्याला याने चक्कर येते. मुरलेल्याला यातच खरी गोडी. मुघल जोडात आठापैकी चार रंग सुलटे आणि चार उलटे, दशावतारीत पाच आणि पाच. चित्रं पार बदलली, पण खेळाचं हाड तेच राहिलं.

तीन माणसं बसली तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पानं येतात. गोल पानं चौकोनी पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, म्हणून ती चादरीवर उपडी पसरून दोन्ही हातांनी कालवतात आणि मग वाटतात. खेळात हुकमाचा असा वेगळा रंग नसतो. ज्याची चाल असेल त्याने टाकलेल्या रंगातलं सगळ्यांत जड पान हात जिंकतं. त्यामुळे सगळी मदार आठवणीवर. नरसिंहाचा राजा गेला का? प्रधान गेला का? मग माझ्या हातातलं पान आता त्या रंगात सगळ्यांत वरचं ठरलं का? दहा रंग, पाच सुलटे, पाच उलटे, एकशेवीस पानं, आणि हे सगळं डोक्यात. आपल्या खापरपणज्या आणि खापरपणजोबांच्या पिढ्या विरंगुळा म्हणून हे करत होत्या, हे आठवलं की मान आपोआप लवते.

आता एखादं पान हातात घेऊन पाहूया. जुन्या रीतीत कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवत. वाळल्यावर खडूचा लेप द्यायचा, घोटून घोटून तो गुळगुळीत करायचा, आणि मग गोल चकत्या कापायच्या. त्यावर आधी जमिनीचा रंग, मग चित्र, शेवटी लाखेचं रोगण. पाठ एकाच रंगाची, बहुतेक लाल. पाठीवर ओरखडा जरी उठला तरी खेळणारा ते पान ओळखेल, म्हणून पाठ निर्दोष हवी. पुढच्या बाजूला प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची असते, आणि याला कारण आहे. आजच्या पत्त्यांच्या कोपऱ्यात अंक आणि चिन्ह छापलेलं असतं, म्हणून पानं एकमेकांवर सरकवून धरली तरी काम भागतं. गोल पानाला कोपरा कुठला? हातात चाळीस चकत्या एकमेकींना झाकत असताना काठावरचा जो रंगाचा चंद्रकोरीएवढा तुकडा दिसतो, त्यावरूनच रंग ओळखायचा. सौंदर्यासाठी केलंय असं ज्याच्याकडे पाहून वाटतं ती गोष्ट मुळात सोयीसाठी आहे. गंजिफात असं पुष्कळदा होतं.

खुणांची मांडणी पाहा. नऊ मासे एका वर्तुळात बसवायचे आहेत. ते सारखे दिसले पाहिजेत, एका दृष्टिक्षेपात मोजता आले पाहिजेत, आणि तरी ते मासे वाटले पाहिजेत, शिक्के नव्हेत. जुन्या जोडांत प्रत्येक मासा हाताने काढलेला असल्यामुळे कुणाची शेपटी जरा वळलेली, कुणाचा डोळा जरा मोठा. एकाच पानावर नऊ भावंडं असावीत तशी ती दिसतात. राजाच्या पानावर तर अख्खा दरबार असतो : मध्ये अवतार, बाजूला सेवक, आणि एवढ्याशा जागेत मुकुट, दागिने, वस्त्रांचे काठ. राजेरजवाड्यांसाठी केलेल्या दरबारी पानांना कडेने नक्षीची किनार असे, बाजारी पानांना ती नसे आणि चित्रही मोजक्या रेषांत उरकलेलं असे. मला स्वतःला ती बाजारी पानं जास्त आवडतात. घाईने मारलेल्या चार फटकाऱ्यांत घोडा धावायला लागतो, आणि तो ज्याच्यासाठी काढला तो गिऱ्हाईक त्यावर खरोखर खेळणार होता, हे त्या घाईत दिसतं.

सावंतवाडीत हा खेळ तेलंगणाकडून आलेल्या विद्वान ब्राह्मणांबरोबर आला, असं सांगितलं जातं. इथल्या भोसले राजांच्या दरबारात शास्त्रचर्चेला येणाऱ्या मंडळींनी तो आणला आणि इथल्या चिताऱ्यांनी त्याची पानं करायला घेतली. हे चितारी लाकडावर लाखकाम करणारे, खेळणी आणि पाट रंगवणारे. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी आजही मिळतात. रंग, लाख आणि कुंचला या तिन्ही गोष्टी आधीपासून हाताशी असल्यामुळे गंजिफा इथे रुजली.

पण केवळ हात तयार होते म्हणून ती रुजली असं मला वाटत नाही. डोळेही तयार होते. ज्या मुलखात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक उभं राहतं, वेद चोरणारा संकासुर पोराबाळांना हसवतो आणि घाबरवतो, तिथे मत्स्याचं पान कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गंमत अशी की रंगमंचावरच्या दशावतारात दहाही अवतार सहसा दिसत नाहीत. सुरुवातीला गणपती, सरस्वती, संकासुर येऊन जातात आणि मग रात्रभर पुराणातलं एखादं आख्यान चालतं. दहाही अवतार एका ठिकाणी, आपापले प्रधान आणि लवाजमा घेऊन बसलेले पाहायचे, तर ते गंजिफाच्या पेटीतच. नाटकाचं वेड असलेल्या माणसाला घरी नेता येईल असा तो दशावतार होता.

मग छापील पत्ते आले. बावन्न पानं, चार रंग, पैसे थोडे. एकशेवीस पानं हाताने रंगवणाऱ्याने त्यांच्याशी टक्कर कशी द्यावी? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही कला मरणपंथाला लागली. ती जाणणारे पुंडलिक चितारी हे एक वृद्ध कलाकार उरले होते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांना या कलेचं महत्त्व उमगलं. पुंडलिक चिताऱ्यांकडून ती विद्या शिकून घेण्यात आली, राजा-राणी स्वतः शिकायला बसले, आणि 1971 च्या सुमारास राजवाड्यातच सावंतवाडी लॅकरवेअर्स नावाने काम सुरू झालं. स्थानिक तरुण-तरुणींना दरबार हॉलमध्ये बसवून शिकवलं गेलं. सत्त्वशीलादेवींनी 2018 मध्ये देह ठेवला, तोवर त्यांनी या कामाला आयुष्य वाहिलं होतं. राजघराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी ते चालू ठेवलं आहे. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत अडकलेली गोष्ट वेळेवर दुसऱ्या बोटांत गेली. ती गेली नसती तर आज आपण सावंतवाडीची गंजिफा फक्त लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसारख्या ठिकाणी काचेआड पाहिली असती.

त्याच काळात मुंबईत आणखी एक वेडा माणूस या पानांच्या मागे होता. रुडॉल्फ फॉन लायडन, 1908 मध्ये बर्लिनला जन्मलेला, भूगर्भशास्त्र शिकलेला, 1933 मध्ये मुंबईत आलेला. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला हा माणूस इथे कलासमीक्षक म्हणून नावाजला, नव्या चित्रकारांच्या पाठीशी उभा राहिला, आणि जोडीला गावोगावच्या गंजिफा गोळा करत राहिला. नियम विचारून घेतले, फरक टिपले, पुस्तकं लिहिली. 1982 मध्ये भारतीय गंजिफांवरचं त्याचं पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. कुठला बर्लिनचा माणूस आणि कुठली मत्स्याची दुर्री! पण प्रेम असं कुठूनही येतं.

देशात इतरत्रही माणसांनी हा खेळ आपापल्या मनाजोगा करून घेतला. ओडिशात रामायणाचा जोड झाला, एका बाजूला रामाची मंडळी, दुसऱ्या बाजूला रावणाची. बंगालात विष्णुपूरला दशावतार ताश झाला. म्हैसूरला तिसरे कृष्णराज वडियार यांनी तर कमाल केली. राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतल्यावर या राजाने नवे नवे खेळ रचले आणि त्यांना ‘छद’ असं नाव दिलं. त्यातले काही जोड 360 पानांपर्यंत जातात. ते कुणी कधी शेवटपर्यंत खेळलं असेल का, हा प्रश्न पडतो. पण ते बसवताना राजाला काय आनंद झाला असेल, हा प्रश्न पडत नाही.

आजच्या संगणकावरच्या खेळांतही या वेडाला जोड सापडते. ‘मिस्ट’ हा कोडी सोडवत अनोळखी बेटावर फिरायचा साहसखेळ 1993 मध्ये आला आणि जगभर गाजला. त्याच जगातला ‘उरू’ हा अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायचा खेळ 2004 मध्ये सुरू होता होताच बंद पडला, 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला, 2008 मध्ये पुन्हा बंद झाला. खेळणाऱ्यांनी मात्र तो सोडला नाही. 2010 पासून तो त्यांच्या देणग्यांवर फुकट चालतो आहे, 2011 मध्ये त्याचा कोड खुला झाला, आणि पुढे चाहत्यांनी रचलेले नवे प्रदेशही त्या खेळात सामील झाले. म्हणजे कंपनीने दिवे मालवल्यावर चाहते आत राहिले आणि खोल्या वाढवू लागले. पुंडलिक चिताऱ्यांच्या शेजारी शिकायला बसलेली माणसं आणि ही माणसं एकाच जातकुळीची आहेत.

फरक एवढाच की उरूवाल्यांनी खेळ चालू ठेवला आणि आपण चित्र चालू ठेवलं. याचं थोडं दुःख मला आहे, ते लपवायचं कारण नाही. गंजिफाचं पान भिंतीवर शोभतं, टेबलावर शोभतं, बावन्न पत्त्यांचे जोडही आता त्या शैलीत रंगवले जातात, आणि त्यावर कारागिरांची चूल पेटते हे फार चांगलं आहे. पण काठाचा तो रंग हातातल्या चाळीस पानांत उठून दिसावा म्हणून आहे. रामाचं पान सूर्य वर असताना खाली पडावं म्हणून आहे. नऊ मासे चटकन मोजता यावेत म्हणून तसे बसवले आहेत. चित्रातली निम्मी बुद्धी खेळाला बसल्याशिवाय दिसतच नाही.

आणि बसायला अडचण काय? खरा जोड महाग वाटला तर जाड पुठ्ठ्याच्या एकशेवीस चकत्या घरीही कापता येतात. मे महिन्यात गावी आलेल्या पोरांना हे काम चांगलं पुरेल. चित्रं त्यांच्या मनाची. दशावतार काढायचा तर तो काढावा, एखाद्या ऑनलाइन खेळातले दहा वीर काढायचे तर तेही. मालवणच्या पोरांनी मासळीबाजारातून बांगडा, सुरमई, पापलेट, कर्ली, मोरी, तारली, पेडवा, सौंदाळा, कोळंबी आणि कुर्ली असे दहा रंग निवडले, तरी त्या खेळाला ते चालतील. त्याने याआधी खजिना पाहिला आहे, अवतार पाहिले आहेत, रावणाची सेनाही पाहिली आहे. फक्त दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. दहापैकी कुठल्या पाच रंगांत दश्शी जड आणि कुठल्या पाचांत एक्का, ही पहिली. आणि दिवसा सुरुवात कुणी करायची, रात्री कुणी, ही दुसरी. सुरमई की बांगडा, यावर घराघरांत मतभेद होतील, तिथे आजीचा शब्द शेवटचा मानावा.